ऐकणारा चेहरा

चित्रपटगृहातल्या काळोखात शेजारच्या माणसाचा तळहात आपल्या मांडीवर उघडा धरायचा आणि पडद्यावरचे संवाद त्यावर बोटाने लिहीत जायचे, अशा रीतीने मी माझ्या लहानपणीचे बहुतेक चित्रपट पाहिले. तो तळहात आत्याचा असे. सगळे संवाद लिहून होणे अर्थातच शक्य नव्हते. दोन पात्रे पाच मिनिटे भांडली तर माझ्या बोटाखाली ‘पैसे’ किंवा ‘लग्न’ एवढाच शब्द उमटे, आणि आत्या मान हलवून समजल्याचे दाखवी. कधी मी कथेत इतकी गुंतून जाई की बोट थांबे. मग ती तळहात किंचित हलवी. आठवण करून देण्याची ती तिची पद्धत होती. तिने कधी चिमटा काढला नाही.

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी आत्या १९५० साली आली. तोवर तिचा स्वतःचा संसार होता. क्षयाचे निदान झाले तेव्हा सासरच्यांनी तिला हवापालटासाठी म्हणून माझ्या वडिलांकडे आणून पोचवले आणि पुन्हा नेले नाही. वर्षभरात तिच्या यजमानांनी दुसरे लग्न केल्याचे कळले. हिंदू विवाह कायदा व्हायला अजून पाच वर्षे अवकाश होता. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा आपल्याकडे नवे होते. त्या इंजेक्शनांनी आत्याचे प्राण वाचवले आणि कान नेले. कानांबरोबर तोलही गेला. आतल्या कानाला इजा झाली की माणूस डोळ्यांच्या आधाराने कसाबसा तोल सांभाळतो आणि अंधारात भेलकांडतो, हे मला पुष्कळ पुढे एका डॉक्टरांकडून समजले. त्या वेळी एवढेच ठाऊक होते की टॉकीजमध्ये दिवे गेले की आत्याचा हात धरायचा. हात धरलेलाच असे, म्हणून त्यावर लिहिण्याची कल्पना सुचली असावी. ती तिची की माझी, हे आता आठवत नाही.

आजारापूर्वी ती पेटी फार चांगली वाजवीत असे, असे आई सांगे. आमच्या घरी आल्यावर तिने पेटीला हात लावला नाही. मात्र बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागली की ती रेडिओच्या लाकडी खोक्यावर पंजा टेकवून बसे आणि मधूनच ‘हे तबल्याचं’ असे स्वतःशी म्हणे. घरातली माणसे तिच्याशी दोनच प्रकारे बोलत: एक तर ओरडून, नाहीतर मुळीच नाही. त्यात दुष्टावा नव्हता. ओरडून बोलण्याजोग्या गोष्टी दिवसात थोड्याच असतात, आणि घर चालते ते हळू आवाजातल्या निरर्थक बोलण्यावर. आत्या नेमकी त्या बोलण्याला मुकली होती.

वडिलांना सिनेमाचे वावडे होते, पण आत्यासाठी ते तिकिटांचे पैसे देत आणि सोबत म्हणून मला पाठवीत. त्यामुळे अकरा-बारा वर्षांच्या मुलीने सहसा पाहू नयेत असे कितीतरी चित्रपट मी बायकांच्या वर्गात बसून पाहिले. नट्यांविषयी आत्याची मते ठाम होती, आणि ती इतरांच्या मतांशी जुळत नसत. मीनाकुमारी तिला कधीच कळली नाही. त्या अभिनेत्रीचे अर्धे सामर्थ्य तिच्या आवाजात होते, त्या दबलेल्या, शब्दाच्या शेवटी किंचित फाटणाऱ्या स्वरात. आत्याच्या लेखी ती केवळ एक देखणी, दुःखी बाई होती, जिचे ओठ फार कमी हलत. नर्गिस तिला आवडे. पण नूतनचा चित्रपट असला की ती तांग्यात चढतानाच निराळी दिसे. केसांत फूल माळलेले असे.

मला तेव्हा याचे नवल वाटे. नूतन माझ्या वयाच्या मुलींना भुरळ घालील अशी नव्हती. उंच, सडपातळ बांधा, लांबट चेहरा, रुंद जिवणी. नटण्यामुरडण्याची हौस दिसत नसे. तिच्यात काय पाहायचे ते मला ‘सुजाता’ने शिवाय आत्याने, अशा दोघींनी मिळून १९५९ साली शिकवले.

‘सुजाता’ची कथा सुबोध घोष यांची, दिग्दर्शन बिमल रॉय यांचे. अस्पृश्य मानलेल्या जातीतली एक पोरकी मुलगी बंगाली ब्राह्मण अभियंत्याच्या घरात वाढते. त्या घरातली आई तिची ओळख करून देताना ‘मुलगी’ म्हणत नाही, ‘मुलीसारखी’ म्हणते. (त्या बंगाली घरातली आई सुलोचना, म्हातारी आत्या ललिता पवार, सख्खी मुलगी शशिकला आणि मुलीसारखी मुलगी नूतन. बंगालचे ते घर मराठी बायकांनी भरून गेले होते, हे तेव्हा आमच्या ध्यानातही आले नाही.) सुजाता फार थोडे बोलते. तिच्याविषयी बोलतात ती इतर माणसे, आणि बहुधा ती ऐकत असताना. ती चहा आणते, कपडे आवरते, दाराआड थांबते, जिना चढता चढता मध्येच थबकते. ‘सारखी’ हा लहानसा शब्द दर वेळी तिच्यावर येऊन आदळतो, आणि दर वेळी तो आदळल्याची खूण तिच्या चेहऱ्यावर निराळ्या ठिकाणी उमटते. पहिल्यांदा डोळ्यांत. पुढे केव्हातरी केवळ मानेच्या वळण्यात. हा शब्द मी आत्याच्या हातावर एकदाच लिहिला. पुढल्या वेळी मी लिहू लागण्याआधीच तिने मान हलवली होती.

मग तो दूरध्वनीचा प्रसंग आला. अधीर पलीकडून गातो, तलत महमूदच्या आवाजात, आणि सुजाता रिसीव्हर कानाशी धरून ते गाणे ऐकते. तिच्या वाट्याला शब्द नाही, सूर नाही, करण्याजोगी हालचालही नाही. संपूर्ण गाणेभर तिने फक्त ऐकायचे आहे. त्या प्रसंगी अभिनेत्रीला लपायला जागा नसते. हातात वस्तू असावी तर तीही कान झाकणारी. आधी तिच्या चेहऱ्यावर केवळ सावधपणा असतो, आपल्याला हे ऐकण्याचा अधिकार आहे काय असा. मग तो सावधपणा विरतो, पण सुख येत नाही. सुखाची भीती येते. डोळे भरतात ते सुद्धा हळूहळू, तिच्या नकळत.

मी आत्याच्या तळहातावर ‘गाणं’ असे लिहिले. मग शब्द लिहायला घेतले. उर्दू वळणाचे ते शब्द मला नीट समजतही नव्हते. दुसऱ्या-तिसऱ्या अक्षरावर आत्याने हात काढून घेतला. इतकेच नव्हे, तर तो तिने पदराखाली ठेवला. असे पूर्वी कधी झाले नव्हते. मी रागावले आणि गाणे संपेपर्यंत पडद्याकडे न पाहता तिच्याकडे पाहत राहिले. पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता. तिला ऐकू येत आहे, असे मला क्षणभर खरोखरच वाटले.

परतताना तांग्यात तिने विचारले, “काय म्हणत होता गं तो गाण्यात?”

मला उमगले होते तेवढे मी ओठांची मोठी हालचाल करून सांगितले. तिने ते ओठांवरून वाचले, थोडा विचार केला आणि म्हणाली, “छे. तिनं ऐकलं ते याहून खूप जास्त होतं.”

अभिनयाची चर्चा आपल्याकडे बोलण्याच्या अंगाने होते. आपली रंगभूमी शब्दांवर आणि गाण्यावर वाढली. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे तर बोलावे लागते, गावे लागते. रंगमंचावर ऐकणारा नट बहुतेक वेळा आपल्या पाळीची वाट पाहत असतो. कॅमेऱ्याने ऐकण्याला प्रथमच मान मिळवून दिला. तरीही आपल्या चित्रपटांतली बहुतेक पात्रे समोरच्याचे वाक्य पुरे झाल्यावर चेहरा बदलतात. वाक्य संपले, आता दुःख. नूतनचा चेहरा वाक्याच्या मध्यावरच बदलू लागतो. समोरचा काय म्हणणार आहे याचा अंदाज तिला आधी येतो, तो अंदाज खोटा ठरावा अशी आशा मग येते, आणि शब्द प्रत्यक्ष उच्चारला जातो तेव्हा ती आशा मावळते. या तीन पायऱ्या एखाद्या साध्या वाक्याच्या अवधीत ती चढून उतरते. हे मी आज असे मांडू शकते; आत्याने ते केवळ पाहिले होते. ज्याला शब्द ऐकू येत नाही त्याला तो शब्द समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरच शोधावा लागतो. नूतनच्या चेहऱ्यावर तो सापडे, इतरांच्या चेहऱ्यांवर क्वचित.

हे तिला कोठून आले असावे? ४ जून १९३६ रोजी मुंबईत ती जन्मली. वडील कुमारसेन समर्थ दिग्दर्शक. आई शोभना समर्थ, विजय भट्टांच्या १९४३ सालच्या ‘रामराज्य’मधली सीता, रूपवती म्हणून देशभर गाजलेली. अशा आईची ही किडकिडीत, सावळी मुलगी लहानपणी रूपावरून बरेच ऐकून घेत असे, असे म्हणतात. हे खरे असेल तर ऐकून घेण्याची सवय तिला घरातच लागली असणार; पण कलावंताचे मर्म त्याच्या बालपणात शोधण्याचा मोह फार सोपा असतो, म्हणून तो इथेच सोडते. आईनेच १९५० साली ‘हमारी बेटी’ काढून तिला नायिका म्हणून पुढे आणले, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. १९५२ साली ती ‘मिस इंडिया’ ठरली. मधल्या काळात शिक्षणासाठी स्वित्झर्लंडला जाऊन आली. १९५५ सालच्या ‘सीमा’मध्ये चोरीचा आळ आलेली, सुधारगृहात डांबलेली, वस्तू फोडणारी, माणसांना ओरबाडणारी गौरी तिने उभी केली. तिचा पहिला फिल्मफेअर पुरस्कार तो. त्या चित्रपटातही बलराज साहनींच्या तोंडची प्रार्थना चालू असताना त्या रानटी मुलीचा चेहरा पाहावा.

केवळ अश्रूंच्या भूमिकांची यादी करून नूतनचा गौरव करणाऱ्यांविषयी माझी तक्रार आहे. ‘पेइंग गेस्ट’, ‘दिल्ली का ठग’, ‘तेरे घर के सामने’ या चित्रपटांत ती विलक्षण खट्याळ आहे. ‘दिल्ली का ठग’मध्ये १९५८ साली तिने पोहण्याच्या पोशाखात वावरण्याचे धाडस केले, आणि पुढल्याच वर्षी ती ‘सुजाता’च्या साध्या सुती साडीत तितक्याच सहजपणे वावरली. १९६३ सालच्या ‘तेरे घर के सामने’मध्ये देव आनंद कुतुबमिनाराच्या जिन्यात गातो (तो जिना स्टुडिओत उभारलेला होता), आणि ही ते गाणे ऐकते, पण इथले ऐकणे ‘सुजाता’तले नव्हे. हा मनुष्य आपल्यावर छाप पाडू पाहत आहे हे तिला पुरते ठाऊक आहे, आणि छाप पडलेली दाखवायची किती, याचा हिशेब ती पायरी-पायरीवर करीत आहे. आत्या या चित्रपटाला मोठ्याने हसली. बहिऱ्या माणसाला आपल्या हसण्याचा आवाज कळत नाही. पुढच्या रांगेतल्या बायका वळून पाहू लागल्या. मी आत्याचा हात दाबला. तिला वाटले, मी काही लिहीत आहे. तिने तळहात उघडला. त्यावर मी काहीच लिहिले नाही. ती मात्र पुढे हसली नाही.

त्याच वर्षी ‘बंदिनी’ आला.

‘जरासंध’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या चारुचंद्र चक्रवर्तींनी आपले आयुष्य तुरुंगखात्यात घालवले होते. त्यांच्या ‘तामसी’ या कादंबरीवरून बिमल रॉय यांनी हा चित्रपट केला. काळ स्वातंत्र्यपूर्व बंगालचा. खुनाची शिक्षा भोगत असलेली कल्याणी बायकांच्या तुरुंगात आहे. तिथे एका वृद्ध कैद्याला क्षय झालेला असतो, आणि तिची शुश्रूषा करायला कुणी तयार नसते. कल्याणी पुढे होते.

पडद्यावर ती बाई खोकत होती, आणि माझे बोट आत्याच्या तळहातावर थांबले होते. मी ‘आजारी’ असे लिहिले.

“कसला आजार?” आत्याने विचारले. तिला वाटले असावे की आपण कुजबुजलो. पण ते सगळ्या वर्गाने ऐकले. कुणीतरी ‘शू’ केले. मी ‘टी’ लिहिले, ‘बी’ लिहिले. तिने पुढे काही विचारले नाही. हातही काढून घेतला नाही. तो माझ्या मांडीवर तसाच उघडा राहिला, आणि बराच वेळ मला त्यावर लिहिण्यासारखे काही सुचले नाही.

त्या चित्रपटातला खुनाचा प्रसंग आज चित्रपटशास्त्राच्या वर्गांत दाखवतात. कल्याणी रुग्णालयात परिचारिकेचे काम करीत आहे. ज्या चिडखोर, आक्रस्ताळ्या बाईची ती सेवा करते ती आपल्याला विसरलेल्या बिकाशची बायको आहे, हे तिला नुकतेच कळले आहे. शोधत आलेल्या वडिलांचा अपघातात अंत झाल्याचेही कळले आहे. (पोस्टमास्तर वडिलांच्या भूमिकेत राजा परांजपे होते.) बाहेर लोखंडाचे काम चालले आहे, घण पडत आहेत, जोडकामाच्या ठिणग्यांचा झगझगाट तिच्या चेहऱ्यावर येतो आणि जातो. ती काही बोलत नाही. जाणकार या प्रसंगातल्या ध्वनीविषयी भरभरून लिहितात, आणि ते योग्यच आहे; घणांचे ते ठोके तिच्या डोक्यात पडत असल्यासारखे ऐकू येतात. आत्याने तो प्रसंग ध्वनीवाचून पाहिला. कमल बोस यांनी पाडलेला तो थरथरता उजेड, आणि त्या उजेडात एकदा दिसणारी व एकदा हरवणारी ती मुद्रा. विष कालवण्याचा निर्णय कोणत्या लखलखाटात झाला ते आपल्याला नेमके दिसले, असे आत्या म्हणे. मी तो चित्रपट पुढे सात-आठ वेळा पाहिला. मला तो क्षण अजून पकडता आलेला नाही.

पण आमचे भांडण झाले ते शेवटावरून. शिक्षा संपते. तुरुंगातला तरुण डॉक्टर देवेन, म्हणजे धर्मेंद्र, तिचा गुन्हा जाणून तिच्याशी लग्न करायला सिद्ध आहे. त्याच्या आईनेही होकार दिला आहे. त्याच्या घरी जायला निघालेल्या कल्याणीला वाटेत बिकाश भेटतो. आजारी, खंगलेला, एकटा. पक्षाच्या आज्ञेमुळे आपल्याला ते दुसरे लग्न करावे लागले, हे तिला तिथे कळते. एकीकडे आगगाडी, दुसरीकडे सुटू पाहणारी आगबोट, आणि सचिनदेव बर्मन यांचा स्वतःचा, नावाड्याच्या गळ्यातून यावा तसा आवाज. ती बोटीकडे धावते.

मी पंधरा वर्षांची होते. मला तो अन्याय वाटला, आणि खरे सांगायचे तर आजही वाटतो. घरी आल्यावर मी आत्यासमोर उभी राहून एकेक शब्द सुटा करून म्हणाले, “तिनं जायला नको होतं. तुला टाकून गेलेला माणूस उद्या आजारी होऊन दारात आला, तर तू जाशील?”

आई स्वयंपाकघरात होती. तिचे भांडे हातातच राहिले. त्या घरात तेरा वर्षांत तो विषय कुणी काढलेला नव्हता.

आत्या माझ्या ओठांकडे पाहत होती. ओठ थांबल्यावरही ती काही वेळ पाहतच राहिली. मग म्हणाली, “मी नाही जायची. पण मला इकडे पाठवलं तेव्हा स्टेशनापर्यंत कुणी असं धावत आलं असतं, तर बरं वाटलं असतं.”

‘बंदिनी’च्या शेवटावर पुढे पुष्कळ लिहिले गेले. भारतीय स्त्रीला पुन्हा त्यागाच्या खुंटीला बांधले, असा आक्षेप स्त्रीवादी अभ्यासकांनी घेतला. मी स्वतः वर्गात तो शिकवला आहे. पण नूतन त्या धावण्यात त्याग दाखवीत नाही. त्याग करणाऱ्या नायिकेची मान कशी असते ते आपल्याला शंभर चित्रपटांवरून ठाऊक आहे. तिची मान तशी नाही. तिच्या चेहऱ्यावर सुटका आहे, जवळजवळ हाव आहे. देवेनचा चांगुलपणा हे तिच्यावरचे ओझे होते, आणि ते ती फेकून देते. लेखकाने व दिग्दर्शकाने जे लिहिले त्याहून वेगळे काहीतरी तिने तिथे केले, असे माझे मत झाले आहे. शेवट मला पटत नाही. तिचे धावणे पटते.

‘सीमा’, ‘सुजाता’, ‘बंदिनी’, ‘मिलन’ आणि ‘मैं तुलसी तेरे आँगन की’ अशा पाच चित्रपटांसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार तिला मिळाला. त्या आकड्याची बरोबरी पुढे २०११ साली केली ती तिच्याच भाचीने, काजोलने. १९७४ साली पद्मश्री मिळाली. मधली काही वर्षे मात्र कडू गेली. आर्थिक व्यवहारावरून आईशी तिचा वाद झाला, तो न्यायालयापर्यंत पोचला आणि मायलेकींत अनेक वर्षे अबोला राहिला. पुढे समेट झाला. याविषयी नियतकालिकांनी हवे तेवढे छापले आहे. मला त्यात भर घालायची नाही.

‘मिलन’ (१९६७) आम्ही पाहिला तेव्हा मोठी पंचाईत झाली. नावेत सुनील दत्त तिला गाणे शिकवतो, आणि त्या शिकवण्यातला सगळा विनोद ‘श’ आणि ‘स’ या दोन उच्चारांच्या फरकावर उभा आहे. दोन्ही अक्षरे मी आत्याच्या हातावर पुनःपुन्हा लिहिली. त्यात हसण्यासारखे काय आहे ते तिला काही केल्या कळेना. १९७३ सालचा ‘सौदागर’ मात्र तिला फार आवडला. नरेंद्रनाथ मित्रांच्या कथेवरचा, बिमल रॉय यांचे कलादिग्दर्शक सुधेंदु रॉय यांनी केलेला हा चित्रपट. मजूबी ही विधवा खजुराच्या रसाचा उत्तम गूळ करते. अमिताभ बच्चनचा मोती केवळ त्या हातगुणासाठी तिच्याशी निकाह लावतो, तिच्या कष्टांवर पैसे साठवतो आणि दुसरी आणण्यासाठी तिला तलाक देतो. उकळत्या रसाकडे पाहणारी नूतन बघून आत्या म्हणाली, “हिला पाक कळतो.” कान गेल्यापासून स्वतः आत्या रंगावर आणि वासावर स्वयंपाक करी. तिचे प्रशस्तिपत्र मी कोणत्याही पुरस्काराहून मोठे मानते.

एव्हाना माझे लग्न होऊन मी दिल्लीला आले होते. वडील गेल्यावर आत्या हिवाळ्याचे तीन-चार महिने माझ्याकडे राहू लागली. माझी नोकरी, दोन लहान मुले, भाड्याचे घर. ‘मैं तुलसी तेरे आँगन की’ हा चित्रपट १९७८ साली आम्ही एकत्र पाहिला. आत्याने सवयीने तळहात माझ्या मांडीवर ठेवला. मी थकले होते, धाकटा कडेवर होता, आणि चित्रपट संवादांनी नुसता भरलेला. मध्यंतरापर्यंत मी दोन-तीन शब्द लिहिले असतील. नंतर तळहात हलला तेव्हा मी त्यावर लिहिले: ‘नंतर सांगते’.

ऐकू न येणाऱ्या माणसाला जगात सर्वांत जास्त वेळा मिळालेले उत्तर हे असावे. जेवणाच्या पंगतीत सगळे हसतात, तो विचारतो, काय झाले? नंतर सांगते. ते नंतर कधी येत नाही. आमच्या घरात ते उत्तर तिला सगळे देत. मी तोवर दिले नव्हते. तिने हात आवरून घेतला आणि शांतपणे चित्रपट पाहिला. बाहेर आल्यावर मी तिला काही सांगितले नाही. तिने विचारलेही नाही. त्यानंतर दिल्लीत ती चित्रपटगृहात आली नाही. रविवारी दूरदर्शनवर लागेल तो चित्रपट पाही, संचाच्या अगदी जवळ मोड्यावर बसून, आणि हात स्वतःच्या मांडीवर ठेवी.

आत्या १९८६ साली इंदूरला गेली. आदल्याच वर्षी आलेल्या ‘मेरी जंग’मधल्या भ्रमिष्ट आईच्या भूमिकेसाठी नूतनला साहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. मग ‘कर्मा’, आणि दूरदर्शनवर ‘मुजरिम हाजिर’. त्या मालिकेतल्या जमीनदारीण बाईचे करारी बोलणे ऐकताना मला वाटे, आत्या असती तर म्हणाली असती, आता ही बोलू लागली. २१ फेब्रुवारी १९९१ रोजी नूतन कर्करोगाने गेली. वय चोपन्न. ती शेवटच्या काळात भजने लिहीत आणि गात असे, हे मी मृत्युलेखांतून वाचले. स्वतःच्या आवाजात तिने पूर्वी, १९६० साली, आईच्या ‘छबीली’ चित्रपटात स्नेहल भाटकरांच्या चालीवर गाणी म्हटली होती. ती गाणी आत्याला कधी ऐकू आली नाहीत, आणि मला ती आहेत हे ठाऊक नव्हते. नाहीतर रेडिओच्या खोक्यावर तिचा हात ठेवला असता.

माझेही कान आता यंत्रावर आले आहेत. गेल्या दिवाळीत नात घरी आली होती. चित्रपटांचा अभ्यास करते ती, पुण्यात. तिच्या संगणकावर आम्ही ‘सुजाता’ लावला. आताच्या प्रतींत संवाद आणि गाणी यांचा अर्थ पडद्याच्या तळाशी इंग्रजी अक्षरांत उमटत जातो, अचूक आणि वेळेवर, एकही वाक्य न गाळता. दूरध्वनीचा प्रसंग आला. नात खाली सरकणारी अक्षरे वाचत होती.

“तिकडे नको पाहू,” मी म्हणाले, “वर बघ, तिच्याकडे.” आणि न राहवून मी पडद्याच्या तळाशी माझा तळहात आडवा धरला.

“आजी, हात काढ ना,” ती म्हणाली. “तो काय म्हणतोय ते मला कळायला नको?”